ओरडणारा उतारू

“गुदमरलीस?”

“नाही.”

“वाईचसुदिक न्हाई?”

“अजिबात नाही, आबा! तेच तर सांगतेय. गुदमरणं जिंकलं मी.”

उंबराखाली बसून आबा नावेच्या फटीत डांबर भरत होते, ते भरत राहिले.

आबा म्हणजे केरबा साटोटे, आमच्या गावचे नावाडी. वय ऐंशीच्या पुढं. नदीवर पूल झाला, नाव कायमची काठाला लागली, तरी म्हातारा दर चैत्रात तिची डागडुजी करायचा. कशापायी, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि जिंकलं म्हणून सांगत होती ती त्यांची नात, उर्मिला. तालुक्याच्या शाळेत शास्त्र शिकवते. दोन वर्षं झाली, दर रविवारी आबांकडं बुडी शिकायला यायची. हुशार पोरगी. पण हुशारीला जरा तेज धार, येता-जाता लागायची.

मी शेजारीच काटक्या पेटवून हलगी शेकत होतो. गावची हलगी माझ्याकडं आहे, माझ्या बापाकडं होती. तेव्हा जे सांगतोय ते कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं.

जत्रेची सकाळ होती.

आमच्या जत्रेत पालखी आधी उठत नाही. सूर्य डोक्यावर आला, डोहात उजेड उतरला, की साटोट्यांच्या घरातल्या माणसानं बुडी मारायची. डोह सात पुरुष खोल. तळाची मूठभर वाळू आणून काठावरच्या डोहाईदेवीच्या पुढ्यात ठेवायची. मग हलगी वाजते, गुरव त्या माणसाच्या नावानं तीनदा हाळी देतो, आणि मग पालखी.

बावीस वर्षांत कुणाच्याच नावानं हाळी झाली नव्हती.

शेवटची बुडी भिवाची. भिवा म्हणजे आबांचा एकुलता एक पोरगा, उर्मिलेचा बाप. तो गेला तो वर आलाच नाही. माझी काठी हलगीवर उचललेली होती, ती तशीच राहिली… काढला तेव्हा चेहरा झोपलेल्या माणसासारखा. मुठीत वाळू.

मग गावाची तोंडं सुटली. कुणी म्हणालं पाण्यातल्या आसरांनी ओढला. कुणी म्हणालं, छे, प्यालेला होता, नाहीतर भिवासारखा पोहणारा बुडतो होय? भिवाच्या गळ्यात माळ होती, थेंबाला शिवत नव्हता. पण मेलेला माणूस काय जबाब देणार? तेव्हापासून दोराला बादली बांधून वाळू काढायची नि कशीबशी पालखी उठवायची.

उर्मिलेला ती हाळी हवी होती. ‘दारुड्याची पोरगी’ हे शब्द तिनं पाचव्या वर्षी ऐकले होते. ते तिला डोहात बुडवायचे होते.

“कशी जिंकलीस, दाव बरं,” आबा म्हणाले.

ती उठली. ताठ उभी राहिली आणि भरभर श्वास घ्यायला लागली. आत, बाहेर, आत, बाहेर. लोहाराचा भाता चालावा तशी. एक… दहा… वीस… तीस.

“असे तीस मारले ना आबा, की छाती गच्च भरते. मग कितीही वेळ राहा, गुदमरायचं नावच नाही. काल शाळेच्या टाकीत दीड मिनिट! मला वाटलं तुम्ही शाबास म्हणाल.”

आबांचा हात डांबरात थांबला.

माझाही हलगीवर थांबला. असा भाता मी आधी पाहिला होता. कुठं, ते त्या क्षणी आठवेना.

आबांनी काठावरचा एक गुळगुळीत गोटा उचलला. तिच्या मुठीत दिला.

“ह्यो धर. तुजे तीस मार. मग श्वास कोंड आणि ह्या उंबराला फेऱ्या घाल. गुदमरलं की गोटा टाक.”

“एवढंच?” ती हसली. “दुपारी डोहात जायचंय नि तुम्ही मला झाडाभोवती फिरवताय!”

“फिर.”

तिनं तीस मारले. श्वास कोंडला. निघाली. आबा तिच्या बरोबरीनं चालले, एक हात तिच्या पाठीमागं धरून.

मी मोजत होतो. तीन फेऱ्या. पाच. माझ्या डोळ्यांदेखत पोरगी खुशाल चाललेली. सातव्या फेरीला तिनं माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले… बघा म्हणे, काही होत नाही. आठवीला तिचे ओठ जांभळट दिसले. पण चेहरा हसरा.

नवव्या फेरीत ती आबांच्या हातावर आडवी झाली.

मी ओरडत धावलो. आबा तिला मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या गालावर हलकी चापट मारत म्हणत होते, “घे… घे पोरी… श्वास घे.”

तिनं घेतला. डोळे उघडले.

“किती झाल्या?”

“नऊ.”

“मग थांबवलंत का? अजून चार घातल्या असत्या.”

“गुदमरलीस?”

“नाही म्हटलं ना!”

“गोटा टाकलास?”

“नाही. हा काय मुठीत.”

तिनं मूठ उघडली.

मूठ रिकामी.

गोटा मागं पाच पावलांवर धुळीत पडला होता. आबांनी बोट दाखवलं.

“मग त्यो कुणी टाकला?”

…

शिकलेल्या माणसाला कारण लगेच सापडतं. तिलाही सापडलं. “चक्कर आली असेल. सकाळपासून पोटात काही नाही. ऊन पण बघा ना किती…”

“आसंल,” आबा म्हणाले. “मला शाळा न्हाई. तू शिकवतीस. मला सांग, आत हवा जाती ती जाती कुटं?”

हा प्रश्न म्हणजे तिच्या घरचाच. ती सावरून बसली. आवाजात मास्तरीण आली.

“फुप्फुसात जाते. फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. तीस कोटींहून जास्त. सगळे उलगडून पसरले तर आपलं अंगण भरेल, वर पाटलांचंही भरेल. फुग्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त.”

“आणि मग?”

“मग देवघेव. रक्त अंगभर फिरून येतं, तेव्हा वापरलेली हवा घेऊन येतं, कार्बन डायऑक्साइड. तो भिंतीतून इकडं येतो, श्वासाबरोबर बाहेर पडतो. आणि आत आलेला ऑक्सिजन भिंतीतून तिकडं रक्तात जातो.”

“ढकलतं कोन त्याला?”

“कोणीच नाही. जिकडं दाटी तिकडून जिकडं मोकळं तिकडं, आपापले जातात. इकडून तिकडं, तिकडून इकडं, एकाच वेळी.”

आबांनी डांबराचा हात फडक्याला पुसला. आपल्या नावेकडं पाहिलं.

“म्हंजी घाटच की. रगात ही नाव. घाटाला लागती, जुनं उतारू उतरत्यात, नवं चढत्यात, नाव पुन्हा निघती.”

“अगदी! आबा, हे मी वर्गात सांगणार.”

“सांग. पर मी नावाडी हाय, मला नावंचं कळतं. एक बोल. तू नुसती बसलीयस, साधा श्वास घेतीयस, तवा नाव घाटावनं किती भरून निघती?”

“जवळजवळ पूर्ण. शंभर जागा धरल्या तर सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव भरलेल्या.”

“साध्या श्वासात?”

“साध्या श्वासात.”

“आणि तीस मारल्यावर?”

“तर मग…”

ती थांबली.

आबांनी घाई केली नाही. डोहावर एक खंड्या सूर मारून गेला. माझ्या काटक्या विझायला आल्या, तरी मी फुंकर घातली नाही.

“तर मग तेवढ्याच,” ती हळू म्हणाली. “फार तर एखाददुसरी जास्त. जागाच नसते.”

“मग तीस वेळा हाका मारून चढवलंस कुनाला?”

“कोणालाच नाही.”

“आणि उतरवलंस कुनाला?”

तिचे ओठ हलले. बोटं मोजल्यासारखी हलत होती. पाठ केलेलं पुस्तक ती पहिल्यांदाच वाचत होती, असं मला वाटलं.

“कार्बन डायऑक्साइड. तो भराभर बाहेर गेला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त…” ती एकदम सरळ झाली. “आबा! श्वास कोंडला की तो रक्तात साठतो. तो साठला की मेंदू ओरडतो, श्वास घे, श्वास घे! गुदमरणं म्हणजे तेच. ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही गुदमरत माणूस, हा वाढला म्हणून गुदमरतो. आणि मी त्यालाच…”

“त्यालाच?”

“ओरडणाऱ्यालाच उतरवलं मी. घाटावरच.”

“मग नाव पुढं रिकामी व्हत चालली, तवा सांगाय कोन व्हतं?”

“कोणी नाही.” तिनं धुळीतल्या गोट्याकडं पाहिलं. “कळलंच नाही मला. शेवटपर्यंत बरं वाटत होतं, आबा. छान वाटत होतं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “भिवाचा चेहरा बी तसाच व्हता.”

तेव्हा मला आठवलं, तो भाता मी कुठं पाहिला होता ते. याच काठावर. बावीस वर्षांपूर्वी. भिवा कमरेइतक्या पाण्यात उभा, छाती वर-खाली, वर-खाली, आणि आम्ही सगळे काठावरून टाळ्या पिटतोय.

“बाबा पण…?” उर्मिलेनं विचारलं.

“त्या साली त्यानं नवीन काढलं व्हतं. म्हनाला, आबा, आता गुदमरत न्हाई. मी पाठ थोपटली त्याची.” आबांनी आपल्या तळव्याकडं पाहिलं. “म्या थोपटली, उर्मे. काय झालं ते बावीस वर्सं सोधतोय. भाता मारणारा तडफडत न्हाई, एवढंच म्हाईत. पर का, ते मला कुनी सांगितलं न्हाई. आज तू सांगितलंस.”

पोरगी रडायला लागली. आबाही रडले. मी तोंड फिरवून हलगी शेकत बसलो. शेकायला खाली विस्तव नव्हता, हे मला नंतर दिसलं.

जरा वेळानं ती नाक पुसून म्हणाली, “म्हणजे बाबा प्यालेले नव्हते.”

“न्हाई.”

“आणि कोणी ओढलं नाही त्यांना.”

“न्हाई.”

“आबा…” ती उठून उभीच राहिली. रडणं गालांवर ओलं, आणि तोंडभर हसू. “आबा, मला सिद्ध करता येईल हे! कोणत्याही डॉक्टरला विचारू दे गावाला!”

“करशील. आदी पेज पी, नि सावलीत नीज. मग दुपारी जा… आन ये.”

“आणि तिथं गुदमरलं तर?”

“तर वर यायचं.”

“मूठ रिकामी असली तरी?”

आबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की मलाच शरम वाटली.

“मुठीनं श्वास घेतीस व्हय गं?”

दुपारी काठावर मुंगीला वाट नव्हती. साटोट्यांची पोरगी उतरणार म्हणून तीन गावांची माणसं लोटलेली. दोन पोहणारे ट्यूब धरून पाण्यात थांबले होते. ही सोय यंदा आबांची. पूर्वी असलं काही नव्हतं.

उर्मिला पाण्यात उतरली. सगळे तिच्या छातीकडं बघत होते. तिनं साधे श्वास घेतले, झोपताना घेतो तसे. एक सावकाश आत घेतला आणि गेली.

मागं कुणीतरी म्हणालं, “भाता न्हाई मारला हिनं. हिच्या बापाचा दम बघायला हवा होता.”

मी मोजत होतो. वीस. तीस. पन्नासाला पाणी फुटलं आणि ती वर आली.

मूठ रिकामी.

“च्च्!” अख्खा काठ एकदम बोलला. एक म्हातारी, मी नाव घेत नाही, पदर सावरत म्हणाली, “झालं! वाण नाही पण गुण लागला.”

“वाजीव,” आबा मला म्हणाले.

“आबा, वाळू कुठाय? वाळूशिवाय हलगी…”

“पोर आली का न्हाई?”

“आली की.”

“मग वाजीव!”

माझ्या बापाच्या बापानंही रिकाम्या मुठीला हलगी वाजवली नसेल. मी वाजवली. अशी वाजवली की काठ गप्प झाला.

उर्मिला काठाला धरून दम खात होती. तिला लगेच परत जायचं होतं. आबा म्हणाले, “थांब. नावंला घाटावर जरा ऱ्हाऊ दे.” चांगली पाव घटका बसवली तिला. माणसं चुळबुळली, काही उसाचा रस प्यायला निघाली. तेव्हा ती ओलेत्यानंच दगडावर उभी राहिली आणि बोलली. वर्गात बोलते तसं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

घाट सांगितला, नाव सांगितली, ओरडणारा उतारू सांगितला. सकाळचा गोटाही सांगितला, स्वतःची फजिती लपवली नाही. आणि शेवटी म्हणाली, “माझ्या बाबांना पाण्यानं ओढलं नाही आणि दारूनं बुडवलं नाही. त्यांनी एक चूक केली. तीच मी आज सकाळी केली. माझ्या शेजारी आबा चालत होते, म्हणून मी उभी आहे. त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. ज्यांनी ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, त्यांनी आज निदान त्यांच्यावर दारू ओतू नये.”

मीही टाळ्या वाजवल्या होत्या. माझी मान खाली गेली. त्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलताना मी पाहिले.

मग उर्मिला दुसऱ्यांदा गेली.

खाली काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. “तळाला हात लागला आणि तो उतारू ओरडायला लागला. म्हटलं, ओरड बाबा, ओरड. तू ओरडतोयस म्हणजे सगळं ठीक आहे. मूठ भरली आणि त्याच्याच हाकेसरशी निघाले.”

वर आम्हाला ते काय माहीत? मी मोजत होतो. चाळीस. पन्नास. आबांचे ओठ घट्ट मिटलेले. पंचावन्न. माझ्या ध्यानात आलं, की म्हाताऱ्यानं स्वतःचा श्वास कोंडून धरलाय. साठ…

पाणी फुटलं!

आधी मूठ आली. मग डोकं. मग तिचा तो श्वास… सूंऽऽ करून आत गेलेला, सगळ्या काठानं ऐकला. मूठ उघडली आणि उन्हात वाळू चमकली. तळाची, काळी, बारीक वाळू.

मला कुणी वाजीव म्हणायची गरज पडली नाही. काय आरोळी उठली म्हणता! पोरं पाण्यात उड्या टाकायला लागली, बायांनी गुलाल उधळला, तीन गावं एका गळ्यानं ओरडली. बावीस वर्षं माझ्या हलगीत अडकून पडलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. काठी मोडली, तेव्हा हातानं वाजवली.

उर्मिलेनं वाळू डोहाईच्या पुढ्यात ठेवली. आबांच्या पायांवर डोकं टेकलं. ओल्या केसांचं पाणी त्यांच्या डांबरलेल्या पायांवर सांडत राहिलं.

गुरव पुढं आला. हाळी द्यायची म्हणून त्यानं हात तोंडाशी नेला, आणि विचारलं, “नाव काय घ्यायचं? उर्मिला भिवा साटोटे, असंच ना?”

उर्मिलेनं आबांकडं पाहिलं. आबा डोहाकडं बघत होते.

…

“भिवाचं घ्या,” ते म्हणाले. “यायला जरा उशीर झाला त्याला. पर आला वर.”